प्लेटलेट काउंट नॉर्मल आहे, पण व्हिटॅमिन ई चालू आहे का?

मी परळला एका लॅबमध्ये काम करते, पावसाळा लागला की दिवसभर कानावर एकच शब्द, प्लेटलेट्स. डेंग्यूच्या भीतीने मुंबईत दीड लाख ते साडेचार लाख हा आकडा बहुतेकांना पाठ झालाय आणि रिपोर्ट त्यात बसला की लोक निर्धास्त होतात. पण सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीत, प्लेटलेट्स किती आहेत एवढंच कळतं, त्या एकमेकींना नीट चिकटतायत का ते नाही कळत.

आणि चिकटण्यावरच तर सगळं आहे. रक्तवाहिनीला चीर पडली की आतलं कोलॅजन नावाचं प्रथिन उघडं पडतं, प्लेटलेट्स त्याला चिकटतात, मग थ्रॉम्बॉक्सेन वगैरे रसायनं सोडून बाकीच्या प्लेटलेट्सना बोलावतात आणि गुठळी धरते. व्हिटॅमिन ई प्लेटलेटच्या पडद्यात जाऊन बसतं आणि आतल्या प्रोटीन कायनेज सी नावाच्या एन्झाइमला दाबतं, त्यामुळे चिकटणं मंदावतं. मोठ्या डोसमध्ये ते रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के च्या कामातही अडथळा आणतं, म्हणजे गोठण्याची दुसरी बाजूसुद्धा ढिली पडते.

केस, त्वचा, पायात गोळे, कशासाठीही लोक ती व्हिटॅमिन ई ची ४०० युनिटची हिरवी कॅप्सूल महिनोन्महिने घेतात, केमिस्टही सहज देतो. दिवसाची गरज साधारण १५ मिलिग्रॅम आहे हो, ही कॅप्सूल त्याच्या कितीतरी पट! अमेरिकेत १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर मोठा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला, ४०० युनिट दिवसाआड, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत पण मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा स्ट्रोक व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत ३९ जणांना आणि न घेणाऱ्यांत २३ जणांना आला. आकडे छोटे आहेत, घाबरून जाऊ नका, पण फायदा नसताना एवढी तरी जोखीम का घ्यायची असं मला मनापासून वाटतं.

खरी काळजी आहे ती अ‍ॅस्पिरिन किंवा वॉर्फरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असणाऱ्यांची. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन बंद करते ते त्या प्लेटलेटचं आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, आणि त्यावर हे ई म्हणजे दोन्हीकडून ब्रेक. गिरगावच्या आमच्या मामांना दाढ काढायची होती, डेंटिस्टनी विचारलं काय काय चालू आहे, मामांनी बीपीची गोळी सांगितली, अ‍ॅस्पिरिन सांगितली, ई चं नावच नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "अगं ते व्हिटॅमिन आहे, औषध थोडंच?" डेंटिस्टनी त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला, ई बंद करायला सांगितलं, अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवली आणि दाढेची तारीख पुढे ढकलली. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नका, स्टेंट असेल तर तर अजिबात नाही.

शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाचं तेल बिनधास्त खा, जेवणातून एवढा डोस होतच नाही. कॅप्सूलचं मात्र ऑपरेशनच्या किंवा दात काढायच्या आधी सांगाच, नाव आठवत नसेल तर सरळ स्ट्रिप पर्समध्ये टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.