खांब नसलेली चॅलेंजर

मामाची कॉन्टेसा, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची ती जुनी गाडी, सध्या नागपूरच्या कामठी रोडवर एका डेंटरकडे उघडी पडली आहे, दारं काढलेली, आणि परवा तिच्याकडे बघत उभा होतो तेव्हा मला २००६ ची चॅलेंजर आठवली, खरं तर ती कायमच आठवते.

त्या जानेवारीत डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये डॉज या अमेरिकन कंपनीनं ही कॉन्सेप्ट, म्हणजे विकायच्या आधी नुसती दाखवायला बनवलेली नमुना गाडी, दाखवली होती. केशरी रंग, बोनेटवर काळे पट्टे. मला तिचा फोटो काही महिन्यांनी सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगात सापडला आणि तेव्हापासून तो माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. १९७० च्या मूळ चॅलेंजरवरून केलेली गाडी, खोल काळ्या ग्रिलमध्ये चार गोल लाईट, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत टेललाईट, आणि बाजूनं जाणारी ती एक रेघ जी मागच्या चाकाजवळ येऊन एकदम वर उचलते. बस, त्या रेघेवरच सगळं आहे भाऊ.

लोक म्हणतात ही जुन्याची कॉपी आहे. मला हे अजिबात पटत नाही, कारण खाली सांगाडा मोठ्या सेडान गाड्यांवरून घेतलेला, जुन्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११० इंच आणि हिचा ११६, म्हणजे जुनं माप जसंच्या तसं चालणारच नव्हतं, प्रत्येक पत्रा नव्यानं काढावा लागला आणि तरी बघताक्षणी ओळखू येते. आकडा पण बघा, जुन्या गाडीतल्या ४२६ हेमी इंजिनाची ताकद ४२५ हॉर्सपॉवर सांगायचे आणि कॉन्सेप्टच्या ६.१ लिटर हेमीची पण ४२५, मोजायची पद्धत तेव्हा वेगळी होती तरी आकडा वाचून मला तर भरून आलं होतं.

पण माझा जीव अडकलाय तो तिच्या खिडक्यांत. कॉन्सेप्टला पुढच्या आणि मागच्या काचेमधला खांबच नाही, काचा खाली केल्या की पुढून मागपर्यंत नुसती हवा. २००८ मध्ये गाडी विकायला आली तेव्हा तो खांब आला, मागची काच फिक्स झाली, आणि पहिल्या वर्षी मॅन्युअल गिअर पण नाही, नुसता ५ स्पीड ऑटोमॅटिक. गिअरचं नंतर सुधारलं, खांबाचं नाही.

डेंटरला फोनवर फोटो दाखवला तर त्यानं कॉन्टेसाच्या खांबावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, सीट बेल्ट कुठे बांधाल? बाजूनं कोणी ठोकलं तर मार कोण घेईल?" बरोबर आहे त्याचं. तरीही मला वाईट वाटतंच.

कॉन्टेसाचा पण आकार मुळात ७० च्या दशकातल्या व्हॉक्सहॉल या इंग्लंडच्या गाडीचा, आणि व्हॉक्सहॉल कंपनी तेव्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सची, त्यामुळे अमेरिकेची ती रुंद छाती इंग्लंडवरून फिरत फिरत आपल्या वर्धा रोडवर आली होती. लहानपणी मामासोबत फुटाळा तलावावर जायचो तेव्हा चारही काचा खाली असायच्या.

मामाला रंग पांढराच पाहिजे, केशरीला तो साफ नाही म्हणाला. बोनेटवरच्या काळ्या पट्ट्यांना मात्र हो म्हणाला, म्हणून काल पेंटरला दाखवायला तो फोटो कपाटाच्या दारावरून पहिल्यांदा काढला.