अलंग-मदन-कुलंग, तयारीची नोंद ३ : पाण्याचा हिशेब

अलंग, मदन, कुलंग या सह्याद्रीतल्या तीन शेजारी गडांच्या ट्रेकला जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पायथ्याच्या आंबेवाडीतून निघायचं, हे आता पक्कं. सहा जण होतो. एकाच्या गुडघ्याने संप पुकारला, पाच उरलो.

पहिल्या दोन नोंदींत मी रोप (चढाईचा दोर) नि हार्नेस (तो दोर बांधायचा कमरेचा पट्टा) यांबद्दलच लिहीत बसलो होतो. पण माझी धास्ती पाण्याची आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये दोन लिटर पाण्यावर कुलंग चढायला निघालो होतो. ती खडी चढण संपता संपत नाही. अर्ध्या वाटेत बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी राहिलं, त्यात गवताची काडी तरंगत होती. काडी बाजूला सारून प्यालो आणि मुकाट्याने खाली उतरलो.

म्हणून यंदा आधी अलंग. वर मुक्कामाला गुहा आहे, टाकी आहेत, त्यामुळे खिचडी तिथेच. दुसऱ्या दिवशी अलंग उतरून मदन, मग आडव्या वाटेने कुलंग. कुलंगच्या टाक्यांपर्यंत वाटेत पाणी नाहीच असं धरून चालतोय. मदनवर टाकं आहे, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही. माणशी चार लिटर, म्हणजे चार किलो पाठीवर. त्या दिवशी चूल नाही; भाकरी, लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे.

शिवाय रोपांचं ओझं. १८१८ नंतर इंग्रजांनी या गडांच्या काही पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, तिथे रोप लावूनच चढावं लागतं; त्याची हमाली आपण अजून करतोय. लीडसाठी, म्हणजे सगळ्यांत आधी चढून रोप लावणाऱ्यासाठी, ५० मीटरचा डायनॅमिक (पडलो तर ताणून झटका झेलणारा) रोपच सव्वातीन किलोच्या आसपास भरतो. सॅक वर ओढायला दुसरा वेगळा. नियम केलाय : रोप ज्याच्याकडे, त्याच्याकडे शिधा नाही. लीड माझ्याकडे नाही, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

सॅक पहिल्यांदा काट्याला लावली तेव्हा १३.८ किलो, पाणी न धरता! स्टीलचा डबा, जादा बूट, दुसरी पॉवर बँक बाहेर काढली. आता ९.६.

गेल्या रविवारी १२ किलो घेऊन आतकरवाडीतून सिंहगड केला. रिकाम्या पाठीने मला ५० मिनिटं लागतात, या वेळी १ तास १८. दम टिकला, पण उजव्या खांद्याचा पट्टा दर दहा मिनिटांनी इंचभर सरकत होता. बकलचे दात झिजलेत. मदनच्या पायऱ्यांवर, एका बाजूला दरी असताना, हे चालणार नाही. नवं बकल घालून चांभाराकडून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घेतलं. येत्या रविवारी पुन्हा तेवढंच वजन, आणि या वेळी उतरताना काठी न घेता.

प्रुसिकचा, म्हणजे रोपावर सरकत्या गाठी मारून वर चढण्याचा, सराव मात्र राहिलाय. घरात पंख्याच्या हुकाला लटकायला बायकोने मनाई केली आहे.

काल वाटाड्या दादांना फोन केला. म्हणाले, "पानी हाये टाक्यात. गाळाया फडकं आना." आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा काढून ठेवलाय. सवयीने तोही काट्यावर टाकला. ४० ग्रॅम.