बाई आणि उकळतं पाणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि शाळेबद्दल लिहायला बसलो. दोन दिवस झाले, कागदावर फक्त बाईच येताहेत. मुख्याध्यापक, स्नेहसंमेलन, टेबललँडवरची सहल यांवर इतर जण लिहितीलच. बाईंचं नाव लिहीत नाही. पाचगणीत आमच्या वेळी जे शिकले त्यांना 'विज्ञानाच्या बाई' एवढं पुरे.

बाईंचा सगळा जीव प्रयोगवहीत. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम सगळ्याच शाळांत होता, पण बाई एकेका मथळ्यासाठी भांडायच्या. आकृती डाव्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने. नावांच्या रेघा आडव्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. कृतीत पुस्तकातलं 'चंचुपात्र घ्यावे, पाणी तापवावे' दिसलं की लाल शाई. "घ्यावे हे पुस्तकाने तुम्हाला सांगितलं. तुम्ही घेतलंत ना? मग 'घेतले' लिहा. किती घेतलंत तेही लिहा." तक्त्यात एकक रकान्याच्या मथळ्यात एकदाच. वाचन सुट्या कागदावर घेऊन नंतर सुवाच्य उतरवणं त्यांना चोरीसारखं वाटायचं. थेट वहीत, शाईने. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर नवा लिहायचा. खोडरबर बाहेर दिसला तर जप्त.

आणि तो उत्कलनांकाचा प्रयोग. स्टँडला टांगलेला थर्मामीटर, त्याचा फुगा पात्राच्या तळाला न टेकलेला, दर मिनिटाला एक वाचन, डोळा पाऱ्याच्या पातळीशी. पारा चढत चढत ९६ च्या जरा खाली आला आणि थांबला. पाणी खदखदतंय, पारा ढिम्म. वर्गातला पहिला नंबर उभा राहिला. "बाई, थर्मामीटर बिघडलाय. पुस्तकात १०० आहे."

"बिघडलाय हे निरीक्षण आहे की अनुमान?"

कोणी बोलेना. बाईंनी शिपाईमामांना बाजारात पिटाळून बर्फ आणवला. वितळत्या बर्फात पारा बरोबर शून्यावर. म्हणजे निदान त्या टोकाला तरी थर्मामीटर खोटं बोलत नव्हता. पण कारण बाईंनी सांगितलं नाहीच. आमच्यातला एक जण दर शनिवारी मामाकडे वाईला जायचा. त्याच्या हाती तोच थर्मामीटर टॉवेलात गुंडाळून दिला आणि तो एसटीने पसरणीचा घाट उतरून गेला. मामींनी चहाच्या पातेल्यात पाऱ्याची नळी घालू द्यायला साफ नकार दिला, तेव्हा अंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यात प्रयोग झाला. सोमवारी पठ्ठ्या सांगतोय, "जवळजवळ ९८!" बाईंनी आधी विचारलं पाणी कुठलं, पातेलं कशाचं, किती वेळ पारा स्थिर होता. नळाचं, अ‍ॅल्युमिनियमचं, मिनिटाचं माहीत नाही. 'माहीत नाही' हेही त्याला वहीत लिहायला लावलं.

मग अनुमान. आम्ही उत्साहाने 'उंचीवर पाणी लवकर उकळते' असं लिहिलं. बाईंनी ते छाटलं. एका थर्मामीटरने दोन ठिकाणी घेतलेल्या वाचनांत सुमारे दोन अंशांचा फरक आला, आपल्या हातात एवढंच. कारण खाली वेगळ्या ओळीत, 'संभाव्य कारण' म्हणून. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, वाई सुमारे ७००. वर हवेचा दाब कमी, म्हणून वाफेचा दाब त्याच्या बरोबरीला लवकर येतो. ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश, म्हणजे ६०० मीटरला दोन. हिशेब जुळला तेव्हा वर्गात अक्षरशः टाळ्या पडल्या. (घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, तरीच इथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही.)

आज मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागाचं काम पाहतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचे निरीक्षक येतात तेव्हा आधी मूळ नोंदी मागतात. आकडा कुणी, कधी, कोणत्या उपकरणावर घेतला ते पाहतात. खाडाखोड एका रेघेने, जुना आकडा वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख आणि कारण. सुटा कागद दिसला की प्रश्नांची सरबत्ती. नव्या मुलांना हे शिकवायला आमच्याकडे प्रशिक्षणवर्ग असतात. मला त्यांत नवं काही सापडलं नाही.

पुतणीची प्रयोगवही परवा पाहिली. छापील. कृती छापलेली, आकृती छापलेली, अनुमानात फक्त गाळलेली जागा भरायची, आणि ती जागाही मैत्रिणीच्या वहीवरून भरलेली. पूर्ण गुण. राग आला, तिच्यावर नव्हे. बाईंनी अशी वही खिडकीतून बाहेर फेकली असती, आणि फेकल्याची वेळही लिहून ठेवली असती.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी या पत्रासोबत दोन डझन थर्मामीटर पाठवत आहे. पाऱ्याचे नाहीत, लाल द्रवाचे आहेत, ११० अंशांपर्यंतचे. वर्गात देण्यापूर्वी प्रत्येकाला क्रमांक द्यावा, बर्फात शून्य तपासावं आणि जे वाचन येईल ते तारखेसह वहीत लिहावं. शून्य आलं नाही तरी.