चिखलातल्या संगीत महोत्सवाला पुन्हा जायचं का?

गेल्या वेळी महोत्सव चिखलात गेला आणि यंदा पुन्हा जायचं का, हे ठरत नसेल, तर कलाकारांची यादी नंतर बघा, आधी मैदानाची माती बघा. चिकणमातीत पाणी हळू मुरतं. त्यात हजारो पायांनी वरचा थर दाबला गेला की उरलासुरला निचराही थांबतो. म्हणून पाऊस उघडल्यावरही चिखल जात नाही. अर्धवट सुकताना तर तो जास्तच चिकट होतो आणि बूट ओढून घेतो. २०२३ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात चिखलामुळे आयोजकांना प्रवेशच थांबवावा लागला होता. तिकीट असूनही हजारो लोक मैदानापर्यंत पोचू शकले नाहीत.

म्हणून तुमच्या महोत्सवाच्या आयोजकांनी यंदा काय बदललं ते विचारा. मुख्य वाटांवर धातूचे पत्रे अंथरणार का? पार्किंग पक्क्या जमिनीवर आहे का? नुसता पेंढा टाकणार असतील तर माझा भरवसा नाही. गर्दीत तो लवकरच चिखलात कालवला जातो.

जायचं ठरलंच, तर पोटरीपर्यंतचे गमबूट आणि दिवसाला दोन जोड लोकरीचे मोजे घ्या. झोपताना पाय कोरडे हवेतच. तंबू उंचवट्यावर लावा. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट तळाखाली साचतं. घोटा किंवा गुडघा दुखरा असेल तर यंदा नकोच.