'टक' वाजतं, पण सेल्फ फिरत नाही

लग्नसराईत वडापची जीप आजारी पडली की ड्रायव्हरचं तोंड बघवत नाही. माझं दुकान बंद होतं, म्हणून हा गडी उतारावर गिअर टाकून चालू केलेली जीप थेट माझ्या अंगणात घेऊन आला.

"तात्या, नवा स्टार्टरच टाका. उद्या वऱ्हाड हाय."

बॅटरी नुकतीच नवी घेतलेली, तरी रड तीच. नेमकं काय होतं, विचारलं. कधी नुसतं 'टक' वाजतं, आणि गाडी गरम असली की सेल्फ, म्हणजे स्टार्टर, रेंगाळतो. दोन्ही एका दमात सांगितलं. ऐकणाऱ्यांनीही आजवर ते एकच दुखणं धरलं असावं.

मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट. चावी मारली, टक झालं, पण आकडा १२.४ च्या खाली गेला नाही. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर दोनशे अँपिअरच्या वर सहज ओढतो, बॅटरी चांगली दबते. इथे ती ढिम्म. मग मीटरच्या पिना सोलेनॉइडच्या, म्हणजे स्टार्टरला बॅटरीचा करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या, दोन जाड बोल्टांवर टेकवल्या आणि त्याला चावी धरून ठेवायला लावली. जवळजवळ सगळे १२ व्होल्ट तिथेच! म्हणजे त्यातला प्लंजर (लोखंडी दांडा) आत येतोय, पण कॉन्टॅक्ट जुळत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह सोडवून स्टार्टर उतरवला. सोलेनॉइडच्या टोपणाला वाइंडिंगच्या तारा डाख देऊन जोडलेल्या असतात. डाख नीट पातळ व्हायच्या आधी हिसका दिला की टोपणाचं बॅकेलाइट तडकलंच. चांगले चांगले मेकॅनिक इथे घाई करतात. आत तांब्याची चकती एका अंगाने जळून काळी पडली होती आणि बोल्टांच्या डोक्यांना खड्डे. चकती उलटी टाकली, बोल्ट अर्धा फेरा फिरवून कोरी बाजू समोर घेतली. खर्च काही नाही.

रेंगाळण्याचं कारण मात्र मोटरच्या पोटात निघालं. आर्मेचरवर (फिरणाऱ्या भागावर) आणि भोवतालच्या एका पोलवर घासल्याची ताजी चकाकी. आर्मेचरचा दांडा जिच्यात फिरतो ती मागची बुश झिजून लंबगोल झाली होती, त्यामुळे आर्मेचर एका बाजूला ओढलं जाऊन पोलला घासत होतं. नवी सच्छिद्र ब्राँझची बुश तेलात रात्रभर भिजवायला वेळ नव्हता. मग बुश अंगठ्यावर उभी धरली, आत तेल भरलं आणि वरून दुसऱ्या अंगठ्याने दाबलं. बाहेरच्या अंगावर घामासारखे थेंब फुटले की समजायचं, मुरलं.

फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन तसेही आखूड झाले होते, तेही बदलले. कॉम्युटेटरला, म्हणजे कार्बन टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांना, झिरो पेपर मारला (एमरी पेपर नको, तिची पूड खाचांत अडकून शॉर्ट करते), पट्ट्यांमधला वर आलेला मायका (अभ्रक) हॅक्सॉच्या तुकड्याने खाली घेतला. स्टार्टर व्हाइसमध्ये धरून केबल लावली. मोकळी सोडली तर ही मोटर वेग वाढवतच जाते, म्हणून दोन-तीन सेकंदांतच केबल काढली.

अंधार पडता पडता जीपला बसवलं. अर्ध्या चावीत इंजिन सुरू. त्याने बंद करून परत मारलं, परत बंद, परत चालू.

"मग तात्या, जुनी बॅटरी?"

"कुठाय ती?"

"बदल्यात दिली की हो."

मी पाना पुसला आणि बुश-कार्बनचे तेवढे पैसे सांगितले.