घाबरलेल्याला ‘मोठा श्वास घे’ म्हणू नका

कुणी घाबराघुबरा झाला की घरातले सगळे सांगतात, ‘मोठा श्वास घे.’ सल्ला मायेचा, पण पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यात, तो उलटा पडतो. श्वास आधीच भराभर चाललेला असतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जात असतो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग चक्कर येते, बोटांना नि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळते. हार्ट अटॅकच आला असं वाटतं. (पहिल्यांदाच असं झालं असेल तर आधी ईसीजी काढा.) तोंडाला कागदी पिशवी तर लावूच नका, दुखणं दम्याचं किंवा हृदयाचं निघालं तर जिवावर बेतेल.

भर द्यायचा तो श्वास सोडण्यावर. खुर्चीत पाठ टेकून बसवा, एक तळवा बेंबीवर, दुसरा छातीवर. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, सेकंदाला एक आकडा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सोडताना हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस नर्व्हचा जोर वाढतो आणि ठोके मंदावतात. श्वास बेताचाच हवा. छातीवरचा हात वरखाली होऊ लागला, तर रुग्ण जोर लावतोय असं समजा. चार-सहा जमत नसेल तर तीन आत, चार बाहेर करा. कुंभक नको, रोखलेल्या श्वासाने गुदमरल्याची भीती चाळवते. जुना आघात असलेल्यांना डोळे मिटायला लावू नका. श्वासाकडे लक्ष गेलं की ज्यांची धडधड वाढते, त्यांना भ्रामरीचा, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा, गुंजारव सोपा जातो.

सराव सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं, आणि तोही बरं वाटत असताना. अटॅकमध्ये नवं काही शिकता येत नाही.

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गंगाघाटावर पाहून घरी कपालभाती, भस्त्रिका असे जलद श्वासाचे प्रकार सुरू करणाऱ्यांची मला काळजी वाटते. बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होणारा आजार) मधला उन्माद, सायकोसिस (भास-भ्रमांचा आजार), फिट्स असतील तर जलद श्वसन नकोच. ईईजी (मेंदूतल्या लहरींचा आलेख) काढताना तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात, ते मेंदूतल्या दबलेल्या असाधारण लहरी उघड व्हाव्यात म्हणूनच.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नैराश्याच्या ४५ रुग्णांवरचा होता. त्यात सुदर्शन क्रिया (लयीत श्वास घेण्याची एक पद्धत) नैराश्यावरच्या इमिप्रामिन गोळ्यांच्या जवळपास उतरली, शॉक ट्रीटमेंट मात्र सरस ठरली. पण ते रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते. घरी श्वास जमू लागला म्हणून गोळी परस्पर बंद केली, तर आजार उलटतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू. मरणाचे विचार येत असतील तर श्वास मोजत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, नाहीतर थेट इमर्जन्सी गाठा.