एकसारखे दिसणारे दोन बेज

हॉलसाठी निवडलेल्या दोन बेज छटांमधला फरक दुकानातल्या शेड कार्डावर आम्हा दोघांनाही दिसला नव्हता, आणि रंगारी मामांनी तर "साहेब, दोन्ही एकच" असा निकालच देऊन टाकला होता. तरीही हट्टाने दोन्हींचे नमुना डबे आणून काल भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवून घेतले आणि आजचा रविवार त्यांच्यासमोर घालवला.

आमचे घर ठाण्यात पोखरण रोड क्रमांक २ वर असून हॉलची खिडकी उत्तरेकडे आहे, त्यामुळे थेट ऊन जवळजवळ येतच नाही. येतो तो आकाशाचा निळसर, थंड उजेड. त्या उजेडात गुलाबी झाक असलेला डावा चौकोन सकाळी राखेसारखा मळकट दिसला, तर पिवळसर झाकेचा उजवा सायीसारखा राहिला. संध्याकाळी २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, दिवा लावताच मात्र उजवा थेट वरणासारखा झाला (हे सौभाग्यवतींचे शब्द, मी हळद म्हणणार होतो) आणि डावा प्रथमच उबदार वाटला.

भिंतीचा जुना रंग फिकट हिरवा असल्यामुळे त्याच्या शेजारी गुलाबी झाक अधिकच डोळ्यांत भरत होती, हे चौकोनांभोवती पांढरा कार्डपेपर चिकटवल्यावर उमगले.

उजवा नक्की केला आहे, दिवा ४००० केल्विनचा, म्हणजे कमी पिवळ्या उजेडाचा, घेऊ. पॅसेजचे उद्या पाहू, तिथे खिडकीच नाही.